स्मृती हरपलेल्या वडीलधाऱ्यांप्रति आपले कर्तव्य
(वार्षिक संमेलनातील भाषण)



मातोश्रींस आम्ही शुश्रूषागृहात ठेविले, म्हणून ज्ञातीत आम्हांस बोल लागला. त्याविषयी दोन शब्द सांगतो.

डॉ. आलॉइस अल्झायमर यांनी १९०६ साली प्रथम वर्णन केलेला हा विकार म्हातारचळ नव्हे, मेंदूचा रोग आहे. मातोश्री मध्यरात्री दार उघडून माहेरी निघत. गॅस उघडा ठेवीत. पाच वर्षे रात्री जागून अखेर आमच्या कुटुंबानेच अंथरूण धरले.

शुश्रूषागृह निवडताना इमारतीची शोभा पाहू नये. रात्री किती सेवक जागे असतात, रुग्णास बांधून अथवा गुंगीचे औषध देऊन गप्प ठेवितात काय, मराठी बोलणारे कोणी आहे काय, न कळविता भेटू देतात काय, हे विचारावे.

मातापित्यांस टाकून देणे २००७ च्या कायद्याने अपराध ठरले आहे. सुरक्षित स्थळी ठेवून नित्य भेटणे म्हणजे टाकणे नव्हे. आम्ही दर रविवारी जातो. मातोश्री विचारतात, “मास्तर, माझा मुलगा नीट शिकतो ना?” आम्ही “होय” म्हणतो.

अशा घरांस बोल लावण्यापेक्षा ज्ञातिबांधवांनी त्यांच्यासाठी एखादी रात्र जागावी, एवढी विनंती करून आपली रजा घेतो.