अपर्णा सेन यांच्या सिनेमातल्या बायका



अपर्णा सेन पडद्यावर पहिल्यांदा आल्या १९६१ साली, सत्यजित राय यांच्या ‘तीन कन्या’मधून. झाडावर चढणारी, खार पाळणारी, लग्नाच्या रात्रीच पळ काढणारी मृण्मयी त्यांनी केली, तेव्हा त्या जेमतेम पंधरा-सोळा वर्षांच्या होत्या. सिनेमा घरातच होता. वडील चिदानंद दासगुप्ता नामवंत समीक्षक. पुढची कितीतरी वर्षं नायिकेच्या भूमिकांत गेली.

मग १९८१ साली त्यांनी ‘३६ चौरंगी लेन’ दिग्दर्शित केला. निर्माते शशी कपूर, मुख्य भूमिकेत जेनिफर केंडल. पहिल्याच चित्रपटाला दिग्दर्शनाचा राष्ट्रीय पुरस्कार! कोलकात्यात मांजरासोबत राहणाऱ्या वयस्कर अँग्लो-इंडियन शिक्षिकेची ही गोष्ट. एक जुनी विद्यार्थिनी आणि तिचा मित्र भेटायला जागा हवी म्हणून बाईंकडे येऊ लागतात. बाईंना वाटतं, आपल्याला माणसं मिळाली. त्या दोघांचं लग्न होतं, संसार थाटला जातो आणि बाईंची गरज सरते. नाताळला बाई केक घेऊन त्यांच्या दारी जातात. ‘आम्ही गावाला जातोय’ असं सांगणाऱ्या त्या घरात पार्टी रंगलेली असते. ती मुलं दुष्ट नाहीत, आपल्यासारखीच आहेत, आणि म्हणूनच हा प्रसंग जिव्हारी लागतो.

ज्या बाईला घरात कुणी विचारत नाही, तिलाच मधोमध आणून बसवायचं, हे अपर्णाताईंचं खरं काम. ‘परमा’तली राखी ही एकत्र कुटुंबातली गृहिणी. सून, वहिनी, आई या नात्यांनीच सगळे तिला ओळखतात. ती परपुरुषाच्या प्रेमात पडते, घर तिच्यापासून तोंड फिरवतं; पण मला अपराधी वाटत नाही, असं ती शेवटी शांतपणे सांगते. १९८५ साली हे दाखवायला छाती लागते. ‘पारमितार एक दिन’मध्ये घटस्फोटानंतरही सासू-सुनेची माया तुटत नाही. यातली सासू खुद्द अपर्णाताईंनीच केली आहे. माझ्या मते हा त्यांचा सर्वांत परिपक्व चित्रपट.

मराठी माणसाला जवळचं म्हणजे २०१७चा ‘सोनाटा’. महेश एलकुंचवारांच्या नाटकातल्या, मुंबईत राहणाऱ्या तीन अविवाहित मैत्रिणी. एक स्वतः अपर्णा सेन, दुसऱ्या दोघी शबाना आझमी आणि लिलेट दुबे. एलकुंचवारांचं नाटक वाचलेल्यांनी हा चित्रपट जरूर पाहावा. पण ‘पारमितार एक दिन’ पाहिला नसेल, तर आधी तो.