खेळातल्या माणसांची बखर
(रेडिओवरील भाषण)



मागच्या मे महिन्यात माझी तेरा वर्षांची पुतणी सुट्टीला आमच्याकडे आली होती. दुपारी घरात निजानीज झाली, की ती मांडीवर लॅपटॉप घेऊन ‘द सिम्स’ खेळत बसायची. एकदा मी पाणी प्यायला उठले, तर ही डोळे पुसत बसलेली. “काय झालं गं?” असं विचारलं, तर म्हणाली, “काकू, आजोबा गेले.” माझ्या काळजात धस्स झालं. मग तिने लॅपटॉपचा पडदा माझ्याकडे वळवला. गेले होते ते तिच्या खेळातले आजोबा.

हे आजोबा तिनेच घडवले होते. तरुणपणी त्यांना नोकरी लावली, त्यांचं लग्न करून दिलं, घरावर माडी चढवली. त्यांना नात झाली आणि आता परसातल्या झाडांना पाणी घालता घालता ते गेले. काळ्या झग्यातला मृत्यू येऊन त्यांना घेऊन गेला आणि घरची माणसं रडू लागली. हे सगळं त्या खेळात आपोआप घडतं. पण पुतणीने त्यानंतर जे केलं, ते मला फार महत्त्वाचं वाटलं. तिने त्या प्रसंगाचं चित्र टिपून ठेवलं, जवळची शंभर पानी वही उघडली आणि लिहिलं : आजोबांचं टोमॅटोंना पाणी घालणं अर्धंच राहिलं. उरलेलं आईने रडून झाल्यावर घातलं.

मी ते वाचलं आणि तिच्या शेजारीच बसले. म्हातारपण, मृत्यू आणि हातातली झारी ही खेळाने दिली होती. अर्धं राहिलेलं पाणी मात्र या मुलीला दिसलं. ते कुणीतरी पुरं केलं पाहिजे, हेही तिलाच वाटलं. खेळातल्या आईला झाडांकडे पाठवलं तेही तिनेच. खेळात घडलेल्या घटनेची गोष्ट झाली ती इथे.

आजचं माझं बोलणं या गोष्टींविषयी आहे. आयुष्य जगण्याचे हे जे खेळ आहेत, त्यांत रोज हजारो घरांत गोष्टी जन्माला येतात. त्या टिपून ठेवाव्यात आणि एकमेकांना सांगाव्यात, असं मला मनापासून वाटतं.

आधी पुतणीच्या या खेळाची हकीकत सांगते. 1991 च्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या ओकलंड आणि बर्कली या शहरांलगतच्या टेकड्यांवर मोठा वणवा पेटला. त्यात हजारो घरं जळाली. त्यातलं एक घर विल राइट यांचं होतं. शहर वसवण्याच्या ‘सिमसिटी’ या खेळाचे कर्ते म्हणून ते तेव्हाच नावाजलेले होते. घर गेल्यावर संसार पहिल्यापासून मांडायची वेळ आली. माणसाला जगायला नेमकं काय काय लागतं, कोणती वस्तू आधी आणि कोणती मागाहून, असा विचार करता करता त्यांना एका नव्या खेळाची कल्पना सुचली. त्याला मूर्त रूप यायला बरीच वर्षं गेली. अखेर 4 फेब्रुवारी 2000 रोजी ‘द सिम्स’ बाजारात आला आणि 2002 पर्यंत संगणकावरचा सर्वाधिक खपाचा खेळ ठरला.

राइट स्वतः या खेळाला बाहुलीघर म्हणत. आपण भातुकली म्हणू. भातुकलीत जिंकणं-हरणं नसतं. संसार मांडायचा आणि चालवायचा. इथेही तसंच आहे. सिमला, म्हणजे खेळातल्या माणसाला, भूक लागते, झोप येते, करमेनासं होतं. त्याची काळजी घेत आपण दिवस ढकलायचा.

या पहिल्याच खेळात एक साधीशी सोय होती. कळफलकावरचं ‘सी’ दाबलं, की समोरच्या प्रसंगाचं छायाचित्र निघायचं. ते कुटुंबाच्या अल्बममध्ये जायचं आणि त्याखाली मजकूर लिहिता यायचा. असा अल्बम कंपनीच्या संकेतस्थळावर ठेवला, की जगात कुणालाही वाचता यायचा. खेळणारे या अल्बमवर तुटून पडले. कुणी रहस्यकथा रचल्या, कुणी प्रेमकथा, तर कुणी घरातल्या छळाच्या कहाण्या मांडल्या.

या लेखकांसमोरच्या अडचणी ऐकण्यासारख्या आहेत. सिम बोलतात ती ‘सिमलिश’ ही भाषा बनावट आहे. स्टीफन कीअरिन आणि जेरी लॉलर या दोन कलाकारांनी आयत्या वेळी सुचेल तसे ध्वनी काढून तिची सुरुवात केली. तिला सूर आहे, राग-लोभ आहे, पण शब्दांना अर्थ नाही. म्हणजे संवाद लिहायचे ते खेळणाऱ्याने. शिवाय पहिल्या खेळात कुणाचं वय फारसं वाढत नसे. पाळण्यातलं बाळ शाळकरी होई, पण पुढे ते मूल जन्मभर मूलच राही. आता गोष्टीत ‘दहा वर्षं लोटली’ असं दाखवायचं, तर काय करायचं? तोंडावळा जुळेल असा मोठा माणूस नव्याने घडवायचा, त्याला त्या घरात आणायचं आणि मधली दहा वर्षं मजकुरातून सांगायची. काळ पुढे नेण्याचं कामही लिहिणाऱ्याच्याच अंगावर होतं.

मला इथे आपल्या सिंधुदुर्गातली, कुडाळजवळच्या पिंगुळीची चित्रकथी आठवते. कथेकरी एकेक चित्र पुढे धरतो आणि प्रसंग गाऊन सांगतो. चित्र मुकंच असतं. राम काय म्हणाला, सीता काय म्हणाली, हे कथेकऱ्याच्या तोंडून कळतं. अल्बम लिहिणारी ती मुलंमुलीही हेच करत होती.

2004 मध्ये ‘द सिम्स 2’ आला. त्यात माणसं म्हातारी होऊ लागली, त्यांना आठवणी आल्या आणि खेळातून चलचित्र टिपण्याचीही सोय झाली. रूस्टर टीथ या अमेरिकी मंडळींनी त्याच वर्षी या खेळात चित्रित केलेली ‘द स्ट्रेंजरहूड’ ही मालिका सुरू केली. खेळाच्या पडद्यावर सिनेमा करण्याच्या या कलेला ‘मशिनिमा’ म्हणतात.

याच खेळात बेला गॉथ नावाची एक बाई आहे. म्हणजे खरं तर ती नाही, हीच तिची गोष्ट. पहिल्या खेळात ती नवऱ्याबरोबर आणि मुलीबरोबर सुखाने नांदत होती. दुसरा खेळ उघडला, तेव्हा तिचं गाव तेच, नवरा म्हातारा झालेला, मुलगी लग्नाची झालेली, आणि बेला बेपत्ता. पुढे दूरच्या वाळवंटी गावात अगदी तिच्यासारखी एक बाई सापडते. तीच का ही? खेळ याचा सरळ उलगडा करत नाही. कर्त्यांनी ठेवलेली ही मोकळी जागा भरण्यासाठी देशोदेशीच्या खेळणाऱ्यांनी किती कथा लिहिल्या असतील, याची गणती नाही.

काही खेळणारे एका घराण्याच्या दहा पिढ्या चालवतात. त्याला ‘लेगसी’ म्हणजे वारशाचं आव्हान असं नाव पडलं. मोकळ्या माळावर खिशात जेमतेम पैसे असलेला एक मूळ पुरुष किंवा मूळ स्त्री आणून सोडायची आणि तिथेच दहाव्या पिढीपर्यंत वंश न्यायचा. यात लिहून ठेवणं ओघानेच येतं, कारण पाचव्या पिढीच्या पणजीचा स्वभाव कसा होता, हे लिहिल्यावाचून कुणाच्याच लक्षात राहणार नाही. आपल्याकडे अशा लेखनाला बखर हा नेमका शब्द आहे. घराणं, त्यातली माणसं, त्यांची भांडणं आणि पराक्रम हे सगळं पुढच्यांसाठी लिहून ठेवायचं.

आता मला सगळ्यात जवळची वाटणारी गोष्ट सांगते. 2009 मध्ये ‘द सिम्स 3’ आला, त्या वर्षी रॉबिन बर्किनशॉ या ब्रिटनमधल्या, गेम डिझाइन शिकणाऱ्या विद्यार्थ्याने एक प्रयोग केला. त्याने केव्ह हा बाप आणि अॅलिस ही त्याची मुलगी घडवली. बागेसारख्या दिसणाऱ्या उघड्या जागेत बाकं ठेवली, दोघांकडचे सगळे पैसे काढून घेतले आणि त्यांना तिथे राहायला सोडलं. बाप तापट, तऱ्हेवाईक आणि मुलांचा तिटकारा असलेला. मुलगी मनाने चांगली, पण धांदरट आणि स्वतःला कमी लेखणारी. मग तो त्यांच्या दिवसांची चित्रं टिपत गेला आणि थोडक्या, साध्या वाक्यांत लिहीत गेला. अॅलिस बाकावर झोपते, उपाशीपोटी आणि पेंगुळलेल्या डोळ्यांनी शाळेत जाते, कधी दुसऱ्याच्या घरात पाठ टेकायला जागा शोधते. पुढे ती काम धरते आणि तिला पहिला पगार मिळतो. त्या वेळी खेळात तिच्या मनात एक इच्छा उमटते, ती पैसे दान करण्याची. जिला रात्रीचं छप्पर नाही, तिची ही इच्छा! बर्किनशॉने ती पुरी केली. अॅलिसने आपली सगळी कमाई देऊन टाकली.

हे सगळं यंत्रातल्या गणिताने घडलं, हे खरं आहे. चांगल्या स्वभावाच्या सिमला दान करावंसं वाटावं, असा तिथे नियमच आहे. हजारो घरांत हजारो सिमना ती इच्छा झाली असेल आणि खेळणाऱ्यांनी ती बघून सोडून दिली असेल. एकाने थांबून तिच्याकडे पाहिलं आणि लिहून ठेवलं, म्हणून बेघर मुलं कशी जगत असतील, हा विचार कितीतरी वाचकांच्या मनात आला.

आपलं जगही या खेळात थोडंथोडं येऊ लागलं आहे. 2021 च्या ऑक्टोबरमध्ये ‘द सिम्स 4’ साठी मुंबईच्या फॅशन स्ट्रीटवरून सुचलेला कपड्यांचा संच निघाला. ऑक्टोबर 2022 पासून या चौथ्या आवृत्तीचा मूळ खेळही विनामूल्य मिळतो, त्यामुळे तो आपल्या घरांतूनही पोचतो आहे. कपडे कंपनी देईल, पण आपली घरं आणि आपली माणसं आपणच मांडायला हवीत. माझ्या पुतणीने चौकोनी ओट्यावर फुलझाडाची कुंडी ठेवून अंगणात तुळशीवृंदावन केलं होतं. आजोबांनी परसात टोमॅटो लावले, आणि वहीतलं सगळं मराठीत लिहिलं गेलं.

आणि ती वहीच राहिली. दिवाळीच्या सुमारास तिचा लॅपटॉप बिघडला. दुरुस्तीला दिला, तिथे त्यातली डिस्क पुसली गेली आणि ते घर, ती माडी, तीन पिढ्या एका दुपारीत नाहीशा झाल्या. तिचा फोन आला, तेव्हा तिच्या तोंडून शब्द फुटत नव्हता. हे अनेकांच्या वाट्याला येतं. पहिल्या सिम्सचे अल्बम जिथे वाचायला मिळत, ती जागाही पुढे बंद झाली. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने 2012 मध्ये व्हिडिओ गेम संग्रहात घ्यायला सुरुवात केली आणि पहिल्या चौदा खेळांत ‘द सिम्स’ घेतला, याचा मला आनंद आहे. पण संग्रहालयात खेळ राहतो. आपण त्यात रचलेलं घराणं राहत नाही. ते आपणच जपायला हवं.

म्हणून, श्रोतेहो, खेळणाऱ्या मुलांना आणि मोठ्यांनाही माझं काही सांगणं आहे. प्रसंग रंगला, की त्याचं चित्र टिपा. चौथ्या सिम्समध्येही त्यासाठी ‘सी’ हेच बटण आहे. खाली तारीख आणि माणसांची नावं लिहा. सगळं टिपू नका. जिथे तुम्ही स्वतः थबकलात, तेवढंच घ्या. चित्रांची एक प्रत पेनड्राइव्हवर ठेवा आणि मजकूर कागदावर उतरवा. गोष्ट लोकांपुढे ठेवताना खेळाचं नाव सांगा, दुसऱ्याने घडवलेलं घर किंवा माणूस वापरला असेल तर त्याचं श्रेय द्या. आपला पत्ता आणि शाळा त्यात येऊ देऊ नका, आणि ओळखीतल्या कुणाचं उणंदुणं खऱ्या नावानिशी लिहू नका.

आणि घरातल्या मोठ्या माणसांना हात जोडून एक विनंती. मूल पडद्यापुढे बसलं, की “किती वेळ खेळतोस?” हे आपण विचारतोच, आणि ते विचारायलाही हवं. पण त्यानंतर आणखी एक प्रश्न विचारा : “तुझ्या घरात आज काय झालं?” विचारा आणि शेवटपर्यंत ऐका. ते घर आज ना उद्या पुसलं जाईल. पण टोमॅटोंना अर्धं पाणी घालून गेलेले आजोबा मी विसरलेले नाही, कारण एका मुलीने ते लिहून ठेवलं आणि मला वाचायला दिलं.