मुलीच्या उशाखालचे पुस्तक
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. हळदीकुंकवाच्या तयारीला हातभार लावावा, सतरंज्या घालाव्या, एवढीच माझी मंडळातली सेवा. पण यंदा बाईंनी आग्रह धरला, की वाचलेल्या एखाद्या पुस्तकावर चार शब्द बोला. म्हणून उभी राहिले आहे. काही चुकले तर पदरात घ्यावे.

माझी मुलगी नववीत आहे. एके दिवशी अंथरूण काढताना तिच्या उशाखाली एक पुस्तक सापडले. मिलिंद बोकील यांची 'शाळा' ही कादंबरी. २००४ साली ती प्रसिद्ध झाली आणि २०१२ साली तिच्यावर चित्रपटही आला. मी दोन पाने उलटली. मुले मुलींविषयी बोलत होती, मध्येच शिव्या. मला राग आला. पुस्तक मी कपाटात टाकले आणि कुलूप लावले. नंतर वाटले, न वाचता शिक्षा करणे बरे नव्हे. मग दुपारी भांडी आवरली की वाचू लागले. चार दुपारींत संपवले.

गोष्ट आणीबाणीच्या काळातली, म्हणजे १९७५ च्या सुमाराची. मुकुंद जोशी हा नववीतला मुलगा ती स्वतः सांगतो. सुऱ्या, चित्रे आणि फावड्या हे त्याचे मित्र. अर्धवट बांधलेल्या इमारतीत त्यांचा अड्डा. मुकुंदला वर्गातली शिरोडकर आवडते. घरात हे कुणाला सांगायची सोय नाही. ऐकून घेणारा एक नरूमामा तेवढा आहे. शेवटी शिरोडकर गाव सोडून जाते आणि अड्डाही मोडतो. वाईट कुणीच नसते, तरी मुलांचे मन दुखावते. लेखक उपदेश करीत नाहीत. मुले जशी असतात तशी दाखवतात.

वाचून मी पुस्तक मुलीला परत दिले. तिने विचारले, "आई, तुला हे आधी कळलं असतं, तर तू शिरोडकरच्या आईला जाऊन सांगितलं असतंस?"

भगिनींनो, माझ्या हातातली परात तशीच राहिली. कारण मी एकदा सांगितले होते.

मी सातवीत असताना माझ्या जिवलग मैत्रिणीच्या वहीत एका मुलाने चिठ्ठी ठेवली. तिने मला ती दाखवली आणि गळ्याची शपथ घातली. तिने उत्तरही दिले नव्हते. पण विहिरीवर तिच्या आईने मला विचारले, "खरं सांग गं, काय चाललंय?" मी घाबरले आणि सांगून टाकले. दुसऱ्या दिवसापासून तिची शाळा बंद झाली. ते पाहून माझ्या घरचेही धास्तावले. परीक्षा झाली आणि माझ्याही वह्या माळ्यावर गेल्या. ती माझ्याशी पुन्हा बोलली नाही. दोन वर्षांपूर्वी एका लग्नात समोरासमोर आलो. तिने मान फिरवली नाही, पण थांबलीही नाही.

काही जणी म्हणतील, अशा पुस्तकांनी मुले बिघडतात. माझे एवढेच सांगणे आहे, की आमच्या गावात तेव्हा एकही कादंबरी नव्हती. चिठ्ठी मात्र आली होती.

'शाळा' वाचताना एक गोष्ट राहून राहून मनात येते. सांगणारा मुकुंद आहे, त्यामुळे शिरोडकरच्या मनात काय होते ते पुरते कळत नाही. मुलीचे मन मुलीच्याच तोंडून ऐकायचे, तर अ‍ॅन फ्रँकची डायरी वाचावी. ती कादंबरी नव्हे, खरीच डायरी आहे, आणि मराठीत मिळते. १९४२ साली तेराव्या वाढदिवसाला तिला वही मिळाली. जवळ मैत्रीण नाही, म्हणून तिने वहीलाच किटी हे नाव देऊन मैत्रीण केली. अ‍ॅमस्टरडॅम शहरात नाझींपासून लपून दोन वर्षे तिने लिहिले. १९४५ साली छळछावणीत ती गेली. १९४७ साली वडिलांनी डायरी छापली, तेव्हा शरीरात होणारे बदल आणि आईवरचा राग यांविषयीचा काही मजकूर गाळला होता. पुढे तो पुन्हा घालण्यात आला. आपणही घरात नेमके हेच गाळतो, नाही का?

मुलीला मी माझी सारी हकीकत सांगितली. ती बराच वेळ गप्प बसली. मग तिने आपल्या मैत्रिणीची एक गोष्ट मला सांगितली. ती मी येथे सांगणार नाही. एकदा चूक झाली तेवढी पुरे. मात्र मुलीला मी बजावले आहे, की कुणी कुणाला धमकावत असेल, अंगाला हात लावत असेल, तर ते गुपित राखायचे नाही, त्याच दिवशी मोठ्यांना सांगायचे. आणि आपण मोठ्यांनी अशा वेळी मुलीची शाळा बंद करायची नाही, तिच्या पाठीशी उभे राहायचे.

माझी एक नम्र सूचना आहे. मंडळाच्या कपाटात पोथ्या आहेत, पाककृतींची पुस्तके आहेत. त्यांच्या शेजारी ही दोन पुस्तके ठेवावीत. आधी आयांनी वाचावीत, मग मुलींना द्यावीत. 'शाळा'ची पहिली प्रत माझ्याकडून. उशाखाली राहून तिची पाने थोडी दुमडली आहेत, तेवढे चालवून घ्यावे.