दोष वाऱ्याचा

आम्ही बंदरावरच्या बायका. रोज तुम्हाला आमचा आवाज 'घ्या हो ताजी मासळी' असा ऐकू येतो. आज आम्ही एका पुस्तकाबद्दल बोलणार आहोत. हसलात ना? आम्हीही आधी हसलो होतो.

१ जून ते ३१ जुलै समुद्रातली मासेमारी बंद असते. ६१ दिवस बोटी किनाऱ्यावर शाकारलेल्या, पुरुष जाळी शिवत बसलेले. आम्हालाही दुपारची जरा उसंत मिळते. मग आम्ही आठ-दहा जणी एकीच्या पडवीत जमतो. कुणी लसूण सोलते, कुणी सुकट निवडते. यंदा आमच्यातल्या एका काकीच्या सुनेने एक इंग्रजी कादंबरी आणली. ती दोन पानं वाचायची आणि आम्हाला मराठीत सांगायची. पुस्तकाचं नाव 'लिटल बीच स्ट्रीट बेकरी'. लेखिका जेनी कोलगन. २०१४ साली आलेलं हे पुस्तक. प्रेमाची गोष्ट, हलकीफुलकी, आणि घडते कोळ्यांच्या गावात. मग काय, ऐकायलाच हवं!

गोष्ट इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाची, कॉर्नवॉलची. पॉली नावाची बाई. तिचा आणि तिच्या जोडीदाराचा धंदा बुडतो, नातंही तुटतं. हातात पैसा नाही, म्हणून ती एका लहानशा बेटावर येऊन एका बंद पडलेल्या बेकरीच्या वर भाड्याने राहते. हे बेट भरतीला पाण्याने वेढलं जातं आणि ओहोटीला रस्ता उघडा पडतो. सून हे समजावून सांगायला लागली, तशी एक जण म्हणाली, "अगं, आपल्या अलिबागच्या कुलाबा किल्ल्यासारखं!" झालं, तिथून ते बेट आमचंच झालं.

पॉलीला पाव छान भाजता येतो. गावात आधीच एक बेकरी आहे, मिसेस मॅन्स नावाच्या खडूस म्हातारीची. तिचा पाव कुणाला आवडत नाही, पण तिच्या भीतीने कुणी बोलत नाही. मग आमची पॉली चोरून पाव भाजते आणि मच्छीमार चोरून घेतात. या भागाला आम्ही पोट धरून हसलो. शेजारणीचं गिऱ्हाईक पळवल्यावर काय होतं, ते आम्हाला कुणी शिकवायला नको. पुढे पॉलीकडे पंख मोडलेलं एक पिल्लू येतं, पफिन नावाच्या समुद्रपक्ष्याचं. त्याचं नाव ती नील ठेवते. मधमाश्या पाळणारा हकल नावाचा एक उंच अमेरिकन गडीही आहे. तो आला की आमच्यातल्या तरण्या सुना लसूण सोलायच्या थांबायच्या.

आता तक्रारही सांगतो. हे कोळ्यांचं गाव, पण पुस्तकात मासळी पाठीमागेच राहते. डिझेलचा भाव काय, बर्फ कितीला पडला, बोटीवरच्या कर्जाचा हप्ता कधी, नाखव्याचा वाटा किती आणि खलाश्याचा किती, याचा हिशोब नाही. मासळी विकणारी बाई तर शोधून सापडत नाही. नायिका शहरातून आलेली, तिला बंदर सुंदर दिसतं. दिसणारच. डोक्यावर पाटी घेऊन पहाटे चारला ती त्या बंदरावर उभी राहिलेली नाही. आमच्यातली एक म्हणाली, "या गोष्टीत वास नाही गं." खरंच नाही.

पण मध्यावर गोष्ट वळली. गावातला टार्नी नावाचा मच्छीमार. त्याच्यावर पॉलीचं मन बसतं, दोघं जवळ येतात, आणि मग तिला कळतं की त्याचं लग्न झालेलं आहे. ती दुखावते, संतापते, दूर होते. त्यानंतर वादळ येतं. बोट समुद्रात असते. सगळं गाव वाट बघतं. टार्नी परत येत नाही.

इथे सून वाचायची थांबली. कारण आमच्यात एक काकी आहे, जिच्या घरातला माणूस असाच गेला आणि परत आला नाही. देह मिळाला नाही. सात वर्षं माणसाची काही खबर नसली, तरच कायदा त्याला गेला असं धरतो. ही सात वर्षं तिने कशी काढली, ते आम्ही पाहिलंय. ना सुवासिनी, ना विधवा. शिवाय लोकांची बोलणी. पांढऱ्या पायाची म्हणाले. तो गेला त्या सकाळी ती त्याच्याशी भांडली होती, म्हणून दर्या कोपला म्हणाले. मैत्रिणींनो, खरं सांगतो, आमच्यातल्याही काही जणी तेव्हा हेच बोलल्या होत्या.

आम्ही म्हटलं, हा भाग सोडून दे. काकी म्हणाली, "वाच."

वाचून झाल्यावर तिने एकच विचारलं, "मग त्या पोरीला कोण बोललं?"

सून म्हणाली, "दर्या तुझ्यामुळे कोपला, असं कुणीच बोललं नाही, काकी."

काकी गप्प राहिली. आम्हीही.

तुमच्यातल्या पुष्कळ जणींना 'चेम्मीन' ठाऊक असेल. तकळी शिवशंकर पिळ्ळे यांची १९५६ सालची मल्याळम कादंबरी, १९६५ साली तिच्यावर सिनेमाही आला. मोठी गोष्ट आहे ती, आम्ही तिला कमी लेखत नाही. तिथल्या कोळ्यांची समजूत अशी की नवरा समुद्रात असताना बायको घरी चोख राहिली, तर समुद्रमाता त्याला राखते. करुत्तम्माचं मन परीकुट्टीत अडकलेलं, आणि शेवटी नवरा पळनी समुद्रातून परत येत नाही. ती गोष्ट ऐकून रडू येतं. पण रडता रडता आपण तिच्याकडेच बघतो, की हिच्यामुळे झालं.

ही पावाची गोष्ट तेवढी मोठी नाही. पण इथे वादळ हे वादळच असतं. पॉली चुकली असेल, टार्नीने तर तिला फसवलंच. तरी त्याला नेलं ते वाऱ्याने, कुणाच्या पापाने नव्हे. पॉली रडते, पाव भाजते, पुढे हसते, पुढे प्रेमातही पडते. लेखिका तिला ते करू देते.

आणि ती खडूस मिसेस मॅन्स? तिचा नवरा आणि मुलगा दोघंही समुद्राने नेलेले असतात. अजूनही रात्री ती धक्क्यावर येऊन पाण्याकडे बघते. हे कळलं तेव्हा काकी म्हणाली, "ती खडूस नाही गं. ती वाट बघतेय." पुस्तकात मासळीचा वास नसेल, पण हे वाट बघणं खरं आहे.

कॉर्नवॉलच्या किनाऱ्याने ते खरोखर भोगलेलं आहे. १९ डिसेंबर १९८१ च्या रात्री 'युनियन स्टार' हे जहाज वादळात सापडलं. त्यातली माणसं वाचवायला माउझोल नावाच्या गावचे आठ जण 'सॉलोमन ब्राउन' ही बचावबोट घेऊन गेले. दोन्हीकडची मिळून सोळा माणसं गेली. त्या गावात नाताळाला बंदरावर दिव्यांची मोठी रोषणाई असते. अजूनही दर १९ डिसेंबरला ते दिवे काही वेळ मंद करतात. मग पुन्हा लावतात. आम्हाला हे फार पटलं. दुःखाला वेळ द्यायचा, आणि दिवे पुन्हा लावायचे.

आता नारळी पौर्णिमा येईल. आम्ही दर्याला नारळ देऊ, सांभाळ म्हणू. पण यंदा पडवीत एक ठरवलंय. कुणाची बोट उशिरा आली, तर तिच्या घरी जायचं ते भाकरी आणि कालवण घेऊन. सकाळी काय झालं होतं, भांडण होतं का, असलं काही विचारायचं नाही. नुसतं शेजारी बसायचं.

पुस्तक संपलं त्या दिवशी काकीने सुनेला विचारलं, "दुसरा भाग आहे का गं?" आहे. पुढच्या बंदीपर्यंत थांबायला ती तयार नाही. 'रविवारी वाच,' असं तिने सुनेला बजावलंय.

तुम्हीही यायचं असेल तर या. लसूण मात्र सोलावा लागेल.