गुडघ्याची दुखापत आणि शस्त्रक्रियेचा निर्णय



गतवर्षी कबड्डीत चढाई करताना माझ्या पुतण्याचा पाय जमिनीवर रोवला गेला आणि गुडघा पिळवटला. तासाभरात सूज आली. घरची मंडळी चोळण्यासाठी तेल घेऊन आली. मी त्यांना थांबविले. तपासणीत गुडघ्यातील पुढचा अस्थिबंध, म्हणजेच लिगामेंट, तुटल्याचे निष्पन्न झाले. ‘शस्त्रक्रिया करावीच लागेल का?’ हा त्याचा पहिला प्रश्न होता.

याचे उत्तर सर्वांसाठी एकच नाही. स्वीडनमधील २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ५९ तरुणांना प्रथम व्यायामोपचार देण्यात आले. दोन वर्षांत त्यांपैकी २३ जणांवर शस्त्रक्रिया करावी लागली. मात्र व्यायामानंतरही गुडघा वारंवार निसटत असेल, तर आतील कूर्चेची गादी फाटण्याचा धोका वाढतो. अशा वेळी शस्त्रक्रियेचा सल्ला टाळू नये. तिच्यानंतरही मैदानावर परतण्यापूर्वी साधारणतः नऊ महिने थांबणे हिताचे असते.

पुतण्याने प्रथम व्यायामाचा मार्ग पत्करला. त्या काळात शाळेने त्याला स्पर्धेसाठी भरीस घातले नाही, हे मोठेच साहाय्य झाले. आपणही जखमी खेळाडूस त्याच सामन्यात पुन्हा उतरवू नये. त्याची वेळीच तपासणी करवावी आणि बरे होण्यास पुरेसा अवधी द्यावा, एवढीच विनंती.