रुग्णशय्येची सेवा आणि तिचें वेतन



रुग्णालयांत परिचारिकांचे ढोबळ असे दोन वर्ग आढळतात. एक, रोग्याच्या उशाशीं उभी राहणारी अधिपरिचारिका. दुसरा, तिच्या पाळ्या लावणाऱ्या व साऱ्या कामाची जबाबदारी वाहणाऱ्या परिसेविका-अधिसेविकांचा. या दोन कामांच्या वेतनांत अंतर किती असावें, आणि मुख्य म्हणजे तें कशाबद्दल असावें, याचा आज विचार करूं.

प्रथम आंकडे पाहूं. केंद्र सरकारच्या सातव्या वेतन आयोगाची वेतनश्रेणी १ जानेवारी २०१६ पासून लागू झाली. तींत स्टाफ नर्सचें मूळ वेतन ४४,९०० रुपयांपासून, सिस्टरचें ४७,६०० पासून व नर्सिंग सुपरिंटेंडेंटचें ६७,७०० पासून ठरलें. तळापासून वरपर्यंत अंतर सुमारें दीडपटीचें. पण पहिल्या दोन पायऱ्यांतलें अवघें २,७०० रुपयांचें. स्टाफ नर्सला दोन वार्षिक वेतनवाढी मिळाल्या कीं तिचें मूळ वेतनहि ४७,६०० होतें. म्हणजे सबंध वॉर्डाच्या जबाबदारीचें आरंभींचें मोल दोन वर्षांच्या नोकरीइतकेंच!

इंग्लंडांत हा प्रश्न निराळ्या रूपानें दिसतो. तेथील राष्ट्रीय आरोग्य सेवेंत २००४ सालच्या करारानें डॉक्टर वगळतां बहुतेक पदांचे पट्टे ठरले. २०२४-२५ सालीं पांचव्या पट्ट्यांतील परिचारिकेचें वार्षिक वेतन २९,९७० पौंडांपासून, तर सातव्या पट्ट्यांतील वॉर्ड-व्यवस्थापिकेचें ४६,१४८ पौंडांपासून सुरू होत होतें. मात्र याच परिचारिकेला रात्रीच्या व शनिवारच्या कामाबद्दल शेंकडा ३० आणि रविवारच्या कामाबद्दल शेंकडा ६० जादा मिळे. बढती घेऊन दिवसपाळीवर गेलेल्या बाईला या रकमेस मुकावें लागतें. कागदावर दिसणारें अंतर घरीं येणाऱ्या पगारांत पुष्कळ आंखडतें, तें असें.

आपल्याकडील खाजगी रुग्णालयांत तर तळाचाच प्रश्न होता. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ सालच्या आदेशानंतर नेमलेल्या समितीनें शिफारस केली कीं, दोनशेंहून अधिक खाटांच्या रुग्णालयांनीं राज्य सरकारी परिचारिकेइतकें वेतन द्यावें. आणि रुग्णालय कितीहि लहान असलें, तरी तें २०,००० रुपयांहून कमी नसावें. ही शिफारस योग्यच होती. पण तळ भक्कम केला म्हणजे जिना आपोआप बांधला जात नाहीं.

व्यवस्थापनाचें काम कमी दर्जाचें आहे, असें माझें म्हणणें नाहीं. मध्यरात्रीं परिचारिका गैरहजर राहिली तर दुसरी कोठून आणावी, अपुऱ्या माणसांत अत्यवस्थ रोग्यांकडे कोणास पाठवावें, हे निर्णयहि प्राणांशीं निगडित असतात. त्यांचा मोबदला मिळालाच पाहिजे. आक्षेप इतकाच कीं, वर चढण्याचा तो एकच मार्ग असूं नये. पॅट्रिशिया बेनर या अमेरिकन विदुषीनें १९८४ सालच्या आपल्या ग्रंथांत परिचारिकेच्या कौशल्याच्या नवशिकेपणापासून प्रावीण्यापर्यंत पांच पायऱ्या सांगितल्या. पांचव्या पायरीवरील परिचारिका यंत्राची घंटा वाजण्यापूर्वींच रोग्याच्या चेहऱ्यावरील बदल ओळखते. नेमकी हीच बाई पगारवाढीसाठीं रोग्यापासून दूर करून हजेरीपटापाशीं बसवणें, यांत रुग्णालयाचाहि तोटा आहे आणि रोग्याचाहि.

वार्षिक वेतनवाढ मिळते, हें खरें. परंतु ती काळाची मोजदाद करते, कसबाची नव्हे. म्हणून जिन्याला दोन फांटे असावेत: एक व्यवस्थेकडे जाणारा, दुसरा रुग्णसेवेंतच उंच नेणारा. दुसऱ्या फांट्यावरील अनुभवी परिचारिकेची परीक्षा घ्यावी, नवोदितांना शिकविण्याचें काम तिच्याकडे सोंपवावें, आणि तिचें वेतन परिसेविकेच्या बरोबरीनें वाढूं द्यावें. रात्रपाळीचा मोबदला निराळा व स्पष्ट असावा.

आपल्या घरचें माणूस रुग्णालयांत असतें, तेव्हां रात्रीं तीन वाजतां त्याच्याजवळ कोण आहे, हाच प्रश्न आपल्याला अस्वस्थ करतो. तेथें जाणती परिचारिका असावी असें वाटत असेल, तर तिला तेथेंच राहणें परवडेल अशी व्यवस्था करणें, हें आपलें सर्वांचें कर्तव्य आहे.