बारा मार्च आणि सतरा सप्टेंबर

(मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी चितेगाव येथे कार्यकर्त्यांपुढे केलेले भाषण)

आज सकाळी ध्वजवंदन करताना मला परदेशातला एक स्वातंत्र्यदिन आठवला. १२ मार्च २०१८ रोजी मी मॉरिशसच्या राजधानीत, पोर्ट लुईस येथे होतो. त्या देशाच्या स्वातंत्र्याला त्या दिवशी ५० वर्षे पूर्ण होत होती. मुख्य समारंभाला आपले राष्ट्रपती पाहुणे होते. मी मात्र रस्त्यावरच्या गर्दीत होतो. तांबड्या, निळ्या, पिवळ्या, हिरव्या पट्ट्यांचा झेंडा पोराबाळांच्या हाती होता. माझ्या शेजारी उभ्या असलेल्या वृद्ध बाईंचे पूर्वज कोकणातून गेलेले. घरची भाषा क्रिओल. मराठी उरली ती भजनात आणि गणेशोत्सवात. मोडक्या हिंदीत त्यांनी विचारले, 'तुमच्या गावी या दिवशी माणसे अशी रस्त्यावर येतात ना?' मला उत्तर सुचले नाही.

ही एकजूट तेथे आयती आलेली नाही. १९६७ च्या निवडणुकीत सुमारे ४४ टक्के मते स्वातंत्र्याच्या विरोधकांना पडली होती. १९६८ च्या जानेवारीत दंगली उसळल्या. अर्थशास्त्रज्ञ जेम्स मीड यांनी १९६१ मध्येच या बेटाचे भवितव्य निराशाजनक ठरविले होते. मग चित्र पालटले कशाने? कारणे अनेक आहेत. निर्यातीच्या कारखान्यांत अल्प वेतनावर राबलेल्या स्त्रियांचे श्रमही त्यांत आहेत. परंतु वृद्धांना सार्वत्रिक निवृत्तिवेतन १९५८ पासून आणि मोफत माध्यमिक शिक्षण १९७७ पासून मिळाले, हे मी महत्त्वाचे मानतो. ज्याच्या घरात राज्य काही घेऊन येते, तो त्या राज्याचा झेंडा आपला मानतो.

आणखी एक गोष्ट. १८३४ पासून सुमारे साडेचार लाख भारतीय मजूर करारबद्ध होऊन त्या बेटावर उतरले, ते प्रामुख्याने उसाच्या मळ्यांसाठी. त्यांच्या आगमनाचा २ नोव्हेंबर आणि गुलामगिरी संपल्याचा १ फेब्रुवारी, हे दोन्ही दिवस तेथे राष्ट्रीय सुट्टीचे आहेत. राबणाऱ्याची स्मृती हीच तेथे राष्ट्राची स्मृती झाली आहे.

आता आपल्याकडे पाहू. १५ ऑगस्ट १९४७ नंतर तेरा महिने मराठवाडा निजामी राजवटीत होता. १७ सप्टेंबर १९४८ ला ती संपली. स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखाली लढलेल्यांत शेतकरी होते, विद्यार्थी होते. आज त्यांचे नातू काय करतात? कोणी याच औद्योगिक वसाहतीत ठेकेदाराकडे राबतो. कोणी दसरा-दिवाळीनंतर मुकादमाची उचल घेऊन, कोयता आणि बायकामुले बरोबर घेऊन ऊसतोडीला निघतो. उचल फिटेपर्यंत त्याला पाय मागे घेता येत नाही. गिरमिट कायद्याने संपले; उसाच्या फडात ते नाव बदलून नांदते आहे.

साथींनो, पुढच्या सतरा सप्टेंबरपूर्वी चितेगावातील प्रत्येक कंत्राटी कामगाराची आणि परिसरातून जाणाऱ्या प्रत्येक कोयत्याची नोंद आपण घरोघर जाऊन करू. ती यादी हाती घेऊन किमान वेतन, भविष्यनिर्वाह निधी आणि वृद्धांचे निवृत्तिवेतन मागू. त्या मागणीसाठी हे लोक रस्त्यावर उतरतील, तेव्हा त्या बाईंच्या प्रश्नाचे उत्तर मला देता येईल.